दुसरं वाचन

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. सुबोध, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की रुचिराला देव जरी भेटला तरी ती आधी त्याचं आधार कार्ड मागेल. म्हणू दे. आम्ही ज्या धंद्यात आहोत त्यात हाच स्वभाव पोट भरतो.

मुलुंड पूर्वेला, आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत 'समास एडिटोरियल' चालते. शास्त्रज्ञ, इंजिनीअर, डॉक्टर मंडळी शोधनिबंध लिहितात. शोध झकास असतो, पण इंग्रजी वाक्य सुरू होतं पनवेलला आणि संपतं पालघरला. ते सरळ करून द्यायचं हे आमचं काम. संपादक सगळे फ्रीलान्सर, आपापल्या घरी बसलेले. कोणी बोरिवलीला, कोणी मानखुर्दला, कोणी माहुलला. माझे चुलत सासरे अजूनही लोकांना सांगतात की सुबोधची लग्नपत्रिका छापायची प्रेस आहे, आणि आम्ही आता त्यांना दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

समास म्हणजे पानाच्या कडेची मोकळी जागा. आमच्याकडे तिला देव्हाऱ्याचा मान आहे. नियम असा, की वाक्य हवं तेवढं झाडूनपुसून घ्या, पण आकड्याला हात लावायचा नाही. आकडा खटकला तर समासात प्रश्न लिहायचा आणि पुढे जायचं. उत्तर लेखक देईल. परस्पर आकडा बदलणारा तो संपादक नव्हे, खुनी, असं सुबोध प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो.

दुसरा नियम दोन वाचनांचा. पहिलं वाचन त्या त्या फ्रीलान्सरचं. त्याची फाइल थेट सुबोधकडे जाते आणि दुसरं वाचन तो करतो. मग तो अंतिम प्रत तयार करून माझ्याकडे देतो. ती लेखकाला पाठवणं, बिलं बघणं, फोन घेणं आणि गरज पडली तर भांडणं हे माझ्याकडे. लोक आमच्याकडे यायचे ते सुबोधच्या दुसऱ्या वाचनासाठी. एकदा एका प्राध्यापकाच्या आलेखाकडे बघून त्याने समासात एवढंच विचारलं होतं, की तुमचं तापमान मोजायचं यंत्र शेवटचं कधी तपासलं? यंत्र खरंच बिघडलेलं निघालं. ते गृहस्थ आंब्याची पेटी घेऊन आमच्या दारात उभे राहिले होते.

तर अशा आमच्याकडे जानेवारीत डॉ. देवेश सामंतांचा फोन आला. औषधांवर संशोधन करणाऱ्या एका मोठ्या गटाचे ते प्रमुख, आणि आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

"मॅडम, स्पष्ट बोलू? मागचे दोन पेपर तुमच्याकडून आले ना, ते माणसाने एडिट केलेले नाहीत."

"म्हणजे?"

"एआय. वाक्यं इतकी गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. माझे विद्यार्थी पण हेच उद्योग करतात, त्यामुळे मला लगेच कळतं. आणि वाक्यांचं सोडा. छापून येईपर्यंत आमचं काम बाहेरच्या कुठल्याही मशीनमध्ये जाता कामा नये, हे आपलं पहिल्या दिवसापासून ठरलंय. कोणी केलं ते शोधा आणि मला नाव द्या. बाकीच्या गटांनाही मी ते कळवणार, म्हणजे त्या माणसाच्या हातात पुन्हा कोणी काही देणार नाही. आणि तुम्हाला शोधायचं नसेल तर मग आपला रामराम."

फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली असं म्हणणार नाही. पाल थेट अंगावर पडली. दोन्ही पेपरांचं पहिलं वाचन दिपालीचं होतं.

दिपाली माहुलच्या कोळीवाड्यातली. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी., आई अंजनाबाई मासळी बाजारात बसते. मीच तिला कामावर घेतली होती, आणि घेताना वाटलं होतं की टिकणार नाही. ती टिकली. पण गेले काही महिने तिचं काम संशय यावा इतक्या वेगात परत येत होतं. पूर्वी जो निबंध आठवडा खायचा, तो आता दोन-तीन दिवसांत हजर. त्यात तिचे समासातले प्रश्न बंद झाले होते. पूर्वी ही मुलगी इतकं विचारायची की लेखक वैतागून मला फोन करायचे. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रतींचे समास कोरेच्या कोरे. जी विचारायची थांबली ती वाचायचीही थांबली असणार, असा मी सरळ हिशोब केला.

सुबोधला जाऊन सांगितलं. तो आतल्या खोलीत होता, कानात इअरफोन. मी शिरले तसा त्याने लॅपटॉप अर्धा मिटला.

"दिपाली एआय वापरतेय," मी म्हटलं.

त्याने एकच इअरफोन काढला. "कोण म्हणालं?"

"देवेश. नाव नाही घेतलं, पण पेपर तिचेच."

"घाई नको करूस गं. देवेशना काय, आजकाल सगळीकडे तेच दिसतं."

हल्ली मी खोलीत गेले की लॅपटॉप मिटतो, हे एक नवीनच सुरू झालं होतं. कानात कायम इअरफोन. हॉटेलात गेलो तर मेनू माझ्यापुढे सरकवून 'तूच सांग काय मागवायचं' म्हणायचा. कोणाशी तरी गुपचूप बोलणी चालू आहेत आणि हा कंपनी विकायला निघालाय, असा मला दाट संशय होता. पण तो मी बाजूला ठेवला. एका वेळी एकच चोर.

सापळ्याची कल्पना माझी, आणि खरं सांगायचं तर मला तिचा भारी अभिमान वाटला. देवेशच्या गटाचा पुढचा पेपर आला होता. उंदरांच्या यकृतावर एका नव्या औषधाचा परिणाम. औषधाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये होता. दिपालीला फाइल पाठवण्याआधी मी तो मिलिग्रॅम करून टाकला. म्हणजे डोस एकदम हजारपट. तेवढ्या औषधाने उंदीर काय, उंदराला धरणारा विद्यार्थीही आडवा झाला असता. पुढच्या तक्त्यात मात्र मायक्रोग्रॅम तसंच ठेवलं. डोळे उघडे ठेवून वाचणाऱ्याला हे खटकणारच आणि तो समासात विचारणारच. मशीनमध्ये टाकून मोकळं होणाऱ्याला कशाचंच काही वाटणार नाही.

पेपर लेखकाकडे जायच्या आधी मी मूळ डोस परत घालणार होते, त्यामुळे नुकसान कोणाचंच नव्हतं. सुबोधला बोलले नाही. त्याचं मन मऊ. त्याने तिला फोन करून सावध केलं असतं.

फाइल दिपालीकडे गेली, तिथून सुबोधकडे गेली आणि सुबोधकडून अंतिम प्रत माझ्याकडे आली. मी चहाचा कप बाजूला ठेवून थेट डोसच्या ओळीवर गेले. मिलिग्रॅम. समास कोरा.

"सापडली!" मी टेबलावर हात आपटला.

सुबोध दारात आला. "काय सापडलं?"

मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढलेला होता, मला मजा येत होती. त्याने दाराची चौकट धरली.

"तू पेपरमध्ये मुद्दाम चुकीचा डोस घातलास?"

"घातला, आणि तसाच्या तसा परत आला. बाईने पेपर उघडलासुद्धा नाही."

मग तो म्हणाला, "नाव नको देऊया. मी देवेशना समजावतो."

"का? इतका पुळका कशाला?"

"तिचं करिअर आहे गं."

"आणि आपलं? आपण काय भजी तळायची?"

"तुला ठीक वाटेल ते कर," तो म्हणाला आणि आत गेला.

हा मिलिग्रॅम सुबोधलाही दिसायला हवा होता, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण महिनाभर त्याचं डोकं दुखत होतं, काम वाढलं होतं, दुसऱ्या वाचनाला बसणारा माणूस पहिल्यावर थोडा विसंबतोच, असं त्याच्या वतीने मीच स्वतःला समजावलं. नवऱ्याला संशयाचा फायदा आणि दिपालीला फाशी. संशय घेण्यातही मी आपपरभाव केला.

दिपालीला मी मेल केला की डॉ. सामंतांनी तक्रार करून नाव मागितलंय, तुझं काम आजपासून थांबवतोय, कारण तुला ठाऊक आहे, कंपनीचा लॅपटॉप परत कर. तिचं उत्तर आलं नाही. खाई त्याला खवखवे, मी म्हटलं. लॅपटॉप कुरियरने मागवला तर त्याआधी ती सगळं पुसून टाकेल, म्हणून मी स्वतःच जाऊन घ्यायचं ठरवलं. देवेशना कळवलं की परत आले की संध्याकाळी नाव देते.

रिक्षा घाटकोपर सोडून चेंबूरच्या पुढे गेली तशी हवा बदलली. जेवणाच्या डब्यात रॉकेल सांडावं तसा वास. रिफायनरीच्या भिंती संपल्या आणि कोळीवाडा लागला. दिपालीच्या दारात एक बाई सुके बोंबील निवडत बसली होती. माझ्या साडीकडे, पर्सकडे, मग तोंडाकडे बघून तिने हात थांबवला.

"कोन गो बाय तू?"

"दिपाली आहे का? मी मुलुंडहून आले, समासमधून."

"कंपनीची मॅडम का? जा, वर हाय." अंजनाबाईंनी पुन्हा बोंबील हातात घेतले. "दोन दिस झाले, पोर धड जेवली नाय. काय केलाय तिनं, तां तरी सांगा तिला."

मी लोखंडी जिना चढले. वर एक छोटी खोली, खिडकीला टेकवलेलं टेबल. लॅपटॉप बॅगेत भरून ठेवलेला, चार्जरची वायर नीट गुंडाळलेली. दिपाली रडलेली दिसत नव्हती. चिडलेली दिसत होती.

"घ्या मॅडम. उघडून बघून घ्या. मी काही डिलीट केलेलं नाही."

"दिपाली, सरळ विचारते. पेपर तू एआयमध्ये टाकतेस?"

"तुम्ही टाकता," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"मला वाटलं तुम्ही आणि सरांनी मिळून ठरवलंय. माझे प्रश्न लेखकापर्यंत जातच नाहीत. दिवाळीनंतर सामंत सरांचा तो पेपर छापून आला, तो मी मुद्दाम शोधून वाचला. मी ढीगभर प्रश्न टाकले होते. एकाचंही उत्तर नाही, आणि वाक्यं पण माझी राहिली नव्हती. म्हटलं, हे आपल्याला नावाला ठेवतायत आणि वरून मशीन फिरवतायत. विचारणार होते मी. पण विचारलं की काम जाईल ना, म्हणून गप्प बसले. आता तसंही गेलंच."

मी संतापायला पाहिजे होतं. पण ती मुलगी नजर न चुकवता बोलत होती, आणि मी आयुष्यभर माणसांच्या नजरा तपासत आलेय.

"तू हल्ली इतक्या लवकर कसं करतेस मग?" मी विचारलं, आणि विचारतानाच माझा आवाज मला फुसका वाटला.

"वहिनी आईबरोबर बाजारात बसायला लागली. पहाटे उठून मासळीला जायचं माझं सुटलं. दिवस मोकळा मिळतो."

तिने लॅपटॉप बॅगेतून काढला आणि उंदरांचा पेपर उघडला. तिची फाइल, जशी तिने सुबोधला पाठवली होती तशी. समास प्रश्नांनी गच्च भरलेला. डोसच्या ओळीशेजारी लिहिलं होतं: 'इथे मिलिग्रॅम आहे, पुढच्या तक्त्यात मायक्रोग्रॅम. हजारपटीचा फरक आहे. कृपया प्रयोगाच्या वेळचा डोस तपासून सांगावा. तक्ता बरोबर असावा असं वाटतं, पण मी काही बदललेलं नाही.' आणि त्याखाली, फक्त सुबोधसाठी: 'सर, एवढं नक्की बघा.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. जिच्या कामावर मी बोट ठेवलं तिची फाइल मी कधी उघडलीच नव्हती. उघडायची मला गरजच पडत नसे, तशी आमची पद्धतच नव्हती. मी बघत होते ती सुबोधची प्रत. चोरी पहिल्या वाचनात झाली असं धरून मी ती दुसऱ्या वाचनात शोधली होती. काखेत कळसा आणि मी वळसा घालून पार माहुलला आले होते.

दिपाली आणि माझ्या मधे एकच माणूस होता. हे दिपालीलाही त्याच क्षणी कळलं, तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"लॅपटॉप नेताय ना?" तिने विचारलं.

"राहू दे. इथेच राहू दे."

"सामंत सरांना माझं नाव कळवलंत?"

"नाही अजून. संध्याकाळी कळवणार होते."

"मग आता कोणाचं कळवणार?"

मी जिना उतरले. अंजनाबाई काहीतरी विचारत होत्या, ते मला नीट ऐकू आलं नाही.

परतीच्या रिक्षात मी सुबोधबद्दल जे जे वाईट सुचेल ते सगळं ठरवून टाकलं. आळस. हाव. कंपनी विकायची म्हणून कामाचा नुसता आकार फुगवायचा आणि आत पोकळ. कोणी बाई असेल, हेही मनात येऊन गेलं. लाज वाटते, पण आलं.

लॅचने दार उघडून मी आवाज न करता आत गेले. तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. स्क्रीनवर अक्षरं इतकी मोठी केलेली, की एका वेळी जेमतेम चार-पाच शब्द मावत होते. आणि तो त्यांच्याकडे सरळ बघत नव्हता. कोंबडी बघते तशी मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. मी त्याच्या कानातला इअरफोन काढून माझ्या कानाला लावला. एक बाई सपाट इंग्रजीत उंदरांचं यकृत वाचून दाखवत होती.

तो दचकला. मग माझा हात चाचपला आणि मी आहे हे कळल्यावर खांदे टाकून बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीच्या सुमारास. आधी ओळी वाकड्या दिसायच्या. मग मधोमध डाग आला. आता मधे काहीच नाही. कडेकडेने दिसतं. चालता येतं, चहा करता येतो. वाचता येत नाही."

"डॉक्टर?"

"दाखवलं घाटकोपरला. जे गेलं ते परत येत नाही म्हणाले. उरलंय ते सांभाळायचं."

मला राग आला की माझी मुंबई गळून पडते आणि आजीची मालवणी बाहेर येते. "मेल्या, तुका दिसणा नाय, ह्यां माका सांगूक काय झालां?"

"तू काय केलं असतंस? दुसरं वाचन बंद केलं असतंस. मग मी काय करू, रुचिरा? मला दुसरं काय येतं?" तो टेबलावरच्या माउसशी चाळा करत होता. "सुरुवातीला ह्या मशीनकडून नुसतं वाचून घ्यायचो. पण ते सरळ मजकूर वाचतं, समासातलं वाचत नाही. प्रश्न कुठे आहेत हे मला दिसायचंच नाही. अंतिम प्रत करताना ते पुसले जायचे. मग वाटलं, वाक्यंही तेच नीट करून देतंय, तर करू दे. चांगली तर होतात."

"चांगली होतात! हजारपट डोस गेला असता आपल्या हातून."

"तो तू घातला होतास."

"हो, मी घातला होता. आणि दिपालीने धरला होता. तिने लिहिलं होतं, सर, एवढं नक्की बघा."

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"तुला माहीत होतं तिने काही केलेलं नाही," मी म्हटलं. "तरी तू मला मेल पाठवू दिलास."

"मी तिचं नाव घेतलं नाही. तू घेतलंस."

"आणि तू गप्प बसलास."

"बसलो." मग म्हणाला, "तू इतक्या खात्रीने बोलत होतीस ना, की मलाही थोडा वेळ वाटलं, तिनेच केलं असेल."

मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. ज्या माणसाचे डोळे जात होते त्याच्या घरात मी इतके महिने डोळ्यांत तेल घालून पहारा करत होते, आणि मला हे दिसलं नव्हतं. मेनू माझ्यापुढे सरकवायचा, तर मला संशय आला तोही भलताच. मी स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले आणि परत आले.

"देवेशना काय सांगायचं?" त्याने विचारलं. "सॉफ्टवेअरमध्ये गडबड झाली म्हणूया. कोणाचंच नाव नको. कंपनी वाचेल, दिपालीलाही परत घेऊ."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पटलं. पण देवेशना ठाऊक होतं त्यांचे पेपर पहिल्यांदा कोण वाचतं. कोणाचंच नाव दिलं नाही तर ते मनातल्या मनात एकच नाव धरणार, आणि आणखी चार ठिकाणी तेच नाव हळू आवाजात सांगणार. दिपालीला आम्ही परत घेतलं असतं, पण आमच्याशिवाय दुसऱ्या कोणी तिला दारात उभं केलं नसतं.

"लिही," मी म्हटलं. "तू लिही. देवेशना, आणि दिपालीला कॉपी."

"तू टाइप कर ना, मी सांगतो."

"नाही. माझ्या हातचं गेलं तर ते म्हणतील, बायकोने सांभाळून घेतलं. आणि त्या तुझ्या बाईलाही काही विचारायचं नाही. तुझ्या हाताने लिही."

"रुचिरा, मला दिसत नाही गं."

"बोटांना येतं की."

मी इअरफोन काढून घेतला आणि शेजारी बसले. त्याने कीबोर्ड चाचपला, बोटं जागेवर ठेवली आणि लिहायला लागला. हळूहळू, थांबत थांबत. गेले काही महिने मला वाचता येत नाही. हे मी बायकोपासून आणि तुमच्यापासून लपवलं. तुमचे पेपर मशीनमध्ये मी टाकले, कोणी दुसऱ्याने नाही. दिपालीने प्रत्येक पेपर नीट वाचला होता आणि विचारायला हवं ते सगळं विचारलं होतं. तिचे प्रश्न माझ्यामुळे तुमच्यापर्यंत पोचले नाहीत. तिच्या मूळ फाइली रुचिरा तुम्हाला पाठवेल, त्या तेवढ्या वाचा. तो थांबला तेव्हा मी म्हटलं, डोसचं पण लिही, माझ्या नावासकट. त्याने तेही लिहिलं. शेवटी दिपालीसाठी एक ओळ लिहिली, की मी तुझी माफी मागतो. त्या ओळीला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मग हात मांडीवर घेऊन तो बसून राहिला. "एकदा वाचून बघ," तो म्हणाला.

मी वाचलं. त्याचा डावा हात मधेच एक घर सरकला होता, त्यामुळे काही शब्द ओळखूही येत नव्हते. कुठे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले, कुठे पूर्णविराम वाक्याच्या मधोमध, देवेशच्या नावातलं एक अक्षर गळलेलं, आणि दिपालीच्या ओळीत माफी हा शब्द दोनदा. माझी बोटं सवयीने कीबोर्डकडे गेली. मी ती मागे घेतली.

"खूप चुका आहेत का गं?"

"एकही नाही," मी म्हणाले, आणि पाठवून दिलं.